साडेचारशेचा हिशेब

मुलांनो, मी शाळेत विज्ञान शिकवतो. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात ‘विद्युतधारेचे परिणाम’ नावाचा धडा आहे. त्यात एक छोटंसं सूत्र येतं. व्होल्ट गुणिले अँपिअर बरोबर वॅट. हे सूत्र मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलंय, की झोपेतसुद्धा लिहीन. परीक्षेत त्यावर हमखास गणित येतं आणि ‘एकक लिहिलं नाहीस, अर्धा गुण गेला’ असं मी दरवर्षी कुणाला तरी बजावत असतो.

तर अशा या सरांना ते सूत्र खरोखर वापरायची वेळ आयुष्यात एकदा आली. आणि तेव्हा सर काय करत होते? एका कॉम्प्युटरच्या काचेतून दिसणारे निळे-जांभळे दिवे बघत उभे होते! माझीच फजिती आहे, पण सांगतो.

२०२३ चा मे महिना. सांगलीचं ऊन म्हणजे काय ते सांगलीकरांनाच ठाऊक. आमच्या कन्येची दहावी नुकतीच संपली होती आणि तिला कॉम्प्युटर हवा होता. साधा नाही, ग्राफिक्स कार्ड असलेला, ज्यावर मोठाले गेम चालतात तसा. ‘गेम खेळायचेत’ हे तिनं कबूल केलं. पण त्याचबरोबर तिला ब्लेंडर शिकायचं होतं. (आजीला वाटलं, मिक्सर घ्यायचाय!) ब्लेंडर ही त्रिमितीय चित्रं आणि चलच्चित्रं बनवायची प्रणाली, कुणालाही फुकट वापरता येणारी. ती फुकट असली तरी ती चालवायला लागणारं यंत्र काही फुकट येत नाही. दुकानातल्या नव्याचा भाव साठ हजारांच्या पुढे. तो विषय तिथंच मिटला.

मग सापडला वापरलेला. सत्तावीस हजार रुपये. आणि हे पैसे माझे नव्हते बरं का. आजीनं नातीच्या नावानं पोस्टात वर्षानुवर्षं थोडे थोडे साठवलेले होते. ते तिनं एका सकाळी काढून आणले आणि नातीच्या हातावर ठेवले. म्हणाली, “बाई, नीट बघून घे. मला त्यातलं काही कळत नाही.”

विकणारा मुलगा इंजिनिअरिंगचा. बंगळूरला नोकरी लागली होती, तिकडे एवढं धूड न्यायचं कसं, म्हणून काढलेला कॉम्प्युटर. मुलगा बोलायला गोड. त्याच्या आईनं चहा केला. कन्येनं घरूनच वहीत यादी करून आणली होती आणि एकेका वस्तूपुढं ती बरोबरची खूण करत होती. प्रोसेसर इंटेलचा आय-फाइव्ह १०४००एफ, बरोबर. रॅम सोळा जीबी, बरोबर. ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, बरोबर. शेवटी एसएमपीएस.

आता एसएमपीएस म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. कॉम्प्युटरच्या आतल्या नाजूक भागांना एवढी दिली तर राखच व्हायची. म्हणून कॅबिनेटमध्ये एक लोखंडी डबा असतो, मागं पंखा आणि पुढं तारांचा झुबका. तो २३० व्होल्टची वीज घेतो आणि तिची १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट अशी वाटणी करून आतल्या सगळ्यांना पोचवतो. यालाच बाजारात एसएमपीएस म्हणतात. तो कुणाला दिसत नाही, त्याचं कौतुक कुणी करत नाही. घरातल्या आईसारखंच ते.

१६६० सुपर कार्ड बनवणारी एनव्हिडिया कंपनी सांगते, की या कार्डासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस असावा. कन्येनं ते वहीत लिहिलं होतं. आणि काचेतून डब्यावर भल्यामोठ्या अक्षरांत दिसत होतं : ४५०. तिनं खूण केली. मी त्या मुलाला विचारलं, “सगळं व्यवस्थित आहे ना?” तो म्हणाला, “हो सर.” मी पैसे दिले. दहा मिनिटं कॉम्प्युटर चालू होता, दिवे लागले होते, आणखी काय बघायचं असतं?

पहिले चार दिवस नुसता स्वर्ग. पाचव्या दिवशी गेम ऐन रंगात असताना पडदा एकदम काळा झाला, पंखे क्षणभर थांबले आणि कॉम्प्युटर आपला पहिल्यापासून सुरू! कुठलीही सूचना नाही, काही नाही. पुन्हा खेळली, पुन्हा तेच. ब्लेंडरमध्ये चित्र रेखाटताना काही होत नसे; पण तेच चित्र पूर्ण करायला लावलं, म्हणजे कार्डाला खरं काम दिलं, की दहा-पंधरा मिनिटांत राम म्हणे.

मग घराघरांत होतं तेच झालं. प्रत्येकाचं निदान वेगळं. हिची आई म्हणाली, उन्हाळा आहे, तापत असेल. झाडून-पुसून घेतलं, टेबलफॅन लावला. फरक शून्य. भाचा म्हणाला, मामा, व्हायरस असणार. मी म्हणालो, आपल्याकडच्या विजेचा दाब कमीजास्त होतो, त्याचा परिणाम. (सर बोलले की घरात निदान दोन तास शांतता असते.)

कन्येनं मात्र विंडोजची नोंदवही उघडली. कॉम्प्युटर स्वतःविषयी नोंदी ठेवत असतो, हे मला तेव्हा कळलं. तिथं लाल खुणेनं एकच नोंद पुन्हा पुन्हा होती : ‘कर्नल-पॉवर, ४१’. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच नोंदी आम्ही कॉम्प्युटर घेण्याच्या कितीतरी आधीच्या होत्या!

माझं डोकंच फिरलं. “म्हणजे त्याला माहीत होतं! फसवलं की त्यानं आपल्याला!”

“थांबा बाबा,” ती म्हणाली. कॉम्प्युटर सुरू असताना तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, पुन्हा लावलं आणि नोंदवही उघडली. खाली नवी नोंद : ४१. “बघा. लाइट गेली तरी हेच लिहून येतं. कॉम्प्युटर नीट बंद न होता बंद झाला, एवढाच त्याचा अर्थ. का झाला, ते ह्यात नाही.”

मृत्यूचा दाखला होता तो, पण कारणाची जागा कोरी. त्यावरून कुणाला दोषी ठरवणार? मी गप्प बसलो, पण मनातला राग काही गेला नाही.

त्याच रात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. अगदी थोडा. आजी त्याच खोलीत झोपते, तिला आधी आला. “काहीतरी करपतंय गं,” एवढंच ती म्हणाली. कन्येनं धावत जाऊन भिंतीवरचं बटण बंद केलं. कुठं धूर नाही, ज्वाळा नाही. पण मुलांनो, खरं सांगतो, त्या रात्री मला झोप लागली नाही. वास ऐकू येत नाही, तो झोपेत कुणाला जागं करेलच असं नाही. आजी जागी होती म्हणून. एरवी?

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट स्कूटरवर पुढं ठेवून आम्ही गावभागातल्या काकांकडे गेलो. काका पूर्वी रेडिओ दुरुस्त करत, मग टीव्ही, आता इन्व्हर्टर आणि चार्जर. दुकान तेच, स्टूल तेच, डाग देण्याचा वासही तोच.

काकांनी बाजूचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि काही न बोलता एक तार बाहेर ओढली. तारेच्या टोकाचं काळं प्लॅस्टिक एका बाजूनं विरघळून तपकिरी झालेलं.

“ही कुणी घातली ओ?”

त्याचं असं, की मोठं ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डच्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट घेऊ शकतं. त्याहून अधिक लागलं तर एसएमपीएसमधून थेट वेगळी तार यावी लागते. सहा टाचण्यांची असेल तर ७५ वॅटपर्यंत, आठ टाचण्यांची असेल तर १५० पर्यंत. आमच्या कार्डाला आठ टाचण्यांची हवी होती, आणि या एसएमपीएसला तशी तारच नव्हती! मग कुणीतरी बाजारातून शंभर-दीडशे रुपयांचा कन्व्हर्टर आणून, हार्ड डिस्कला वीज देणारी जी चपटी साटा जोडणी असते, तिच्यातून कार्डाला वीज दिली होती.

“ताई, वही काढ,” काका म्हणाले. “साटाच्या टोकाला १२ व्होल्टच्या टाचण्या तीन. एकेकीची ताकद दीड अँपिअर. किती झाले?”

“साडेचार अँपिअर.”

“गुणिले बारा?”

“चोपन्न वॅट.”

“आणि दुसऱ्या टोकाला काय लावलंय? दीडशे वॅट मागायचा हक्क असलेली जोडणी. चोपन्नवाल्याच्या डोक्यावर दीडशेवाला बसवला. करपंल न्हाई तर काय करंल?”

मी खाली मान घालून ऐकत होतो. माझंच सूत्र, आणि माझ्याच मुलीला दुसरं कुणी शिकवत होतं. पण काका अजून संपले नव्हते. त्यांनी चार स्क्रू काढून एसएमपीएसचा डबा फिरवला. काचेतून दिसायची ती बाजू वेगळी होती. पलीकडच्या बाजूला, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला होता.

“सर, मोठं अक्षर वाचायचं नसतंय. बारीक वाचा.”

मी चष्मा वर केला आणि वाचलं. ३.३ व्होल्टला २२ अँपिअर. ५ व्होल्टला ३० अँपिअर. १२ व्होल्टला १६ अँपिअर. आता मात्र मी कन्येची वही ओढून घेतली आणि गुणाकार मांडले. पहिल्या ओळीचे ७२.६ वॅट, दुसरीचे १५०, तिसरीचे १९२. उरलेल्या दोन चिल्लर ओळी धरूनही बेरीज ४३० च्या आसपास. ४५० कुठून आले, देव जाणे! पण खरी गोम त्यात नव्हती. गोम होती तिसऱ्या ओळीत.

कॉम्प्युटरमधले दोन खादाड म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. आजच्या कॉम्प्युटरमध्ये हे दोघंही जवळजवळ सगळं १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात. आमचं कार्ड १२५ वॅटचं. प्रोसेसर कागदावर ६५ वॅटचा, पण जोरात काम लागलं की काही क्षण शंभराच्याही वर जाणारा. पंखे, डिस्क वगैरे दहा-पंधरा. १२५ आणि ६५ म्हणजे १९०, वर पंधरा धरले की २०५. आणि देणारा किती देऊ शकणार? १९२. तेसुद्धा डबा नवा असताना. आमचा डबा नवा कुठला! तो दहा-बारा वर्षांचा जुना होता, हे पुढं कळलं.

“म्हणजे ४५० खोटं?” कन्येनं विचारलं.

“खोटं म्हणता येत न्हाई, खरंही म्हणता येत न्हाई,” काका हसले. “असं बघ. लग्नात आचारी म्हणतोय, पाचशे पानांचा स्वयंपाक केलाय. तू जाऊन बघतीस, तर निम्म्या पातेल्यांत नुसता भात. आणि पंगत बसलीय जिलबी मागणाऱ्यांची. भात कितीबी असू दे, जिलबी संपली की पंगत उठली!”

आमची पंगत रोज दहा-पंधरा मिनिटांत उठत होती ती अशी.

हा भात इतका का रांधतात, त्यालाही कारण आहे. पूर्वीच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर ५ आणि ३.३ व्होल्टच्या ओळींवर जगत. २००० साली, पेन्टियम फोर आला त्याच सुमारास, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची चार टाचण्यांची वेगळी तार देण्याची पद्धत आली, आणि तेव्हापासून सगळा भार हळूहळू १२ कडे सरकला. पण काही स्वस्त डबे जुन्याच मापाचे बनत राहिले. एनव्हिडिया ४५० म्हणते तेव्हा तिच्या मनात आजच्या मापाचा डबा असतो, ज्यात जवळजवळ सगळे वॅट १२ व्होल्टवर मिळतात. आकडा तोच, माप वेगळं. कन्येनं केलेली खूण चुकीची नव्हती. ती चुकीच्या आकड्यापुढं केलेली होती.

भाचा आमच्याबरोबर आलेला. त्यानं ज्ञान पाजळलं. “काका, तारेचा तुकडा घालून एसएमपीएस नुसता चालू करून बघतात ना? पंखा फिरला की चांगला.”

“पंखा फिरला म्हणजे पंखा फिरला,” काका म्हणाले. “बैल उभा ऱ्हायला म्हणून नांगर ओढतोय व्हय?”

मग काकांनी खरी परीक्षा घेतली. करपलेला कन्व्हर्टर कचऱ्यात गेला. आपल्याकडची जाड तार त्यांनी दहा मिनिटांपुरती जोडली, मल्टिमीटरच्या एका टोकाला पिवळी तार, एकाला काळी. पिवळी म्हणजे १२ व्होल्ट. (हे काम काकांनीच केलं. आपण करायचं नाही. सुई घसरली तर क्षणात सत्यानाश.) काकांनी सांगितलं, १२ म्हणजे बरोबर १२ च हवं असं नाही, पाच टक्के इकडंतिकडं चालतं. म्हणजे ११.४ ते १२.६.

कॉम्प्युटर नुसता चालू होता तेव्हा मीटरवर १२.०४. कन्येनं गेम सुरू केला. भाचा क्रिकेटचा धावफलक वाचावा तसा ओरडत होता, “अकरा पॉइंट आठ... अकरा पॉइंट सहा...” तिनं गेममध्ये सगळी चित्रं उच्च प्रतीची करून टाकली. “अकरा पॉइंट चार! अकरा पॉइंट तीन!” आणि पडदा काळा. दुकानात एकदम शांतता. मला तर एखाद्या आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखं वाटलं.

मी डबा उघडून आत बघायचं म्हटलं, तर काकांनी माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत दाब साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ तिथं दबा धरून बसलेला असू शकतो. काकांनी आपल्या उजव्या हाताचा अंगठा दाखवला. त्यावर पांढरा वण होता. एवढ्या वर्षांच्या कारागिराचा ही गत, तर आपली काय कथा! मुलांनो, कॅबिनेटचं झाकण वीज बंद करून, मोठ्यांना सांगून काढा, आत बघा, तक्ता वाचा. पण तो लोखंडी डबा उघडायचा नाही. म्हणजे नाही.

नवा एसएमपीएस घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं दोन समोर ठेवले. एक ‘६०० वॅट’, किंमत बाराशे. दुसरा ५५० वॅट, किंमत चार हजार तीनशे. महिन्यापूर्वी मी कुठला उचलला असता, ते सांगायला नको. कन्येनं दोन्ही खोकी फिरवली आणि बारीक अक्षरं शोधली. स्वस्तातल्याच्या खोक्यावर तक्ताच नव्हता. दुसऱ्यावर होता : १२ व्होल्टला ४५ अँपिअर. म्हणजे ५४०. पाचशे पन्नासातले पाचशे चाळीस जिलबीचे! आठ टाचण्यांची तार त्याची स्वतःची, कन्व्हर्टरची भानगड नाही. वर ‘८० प्लस’ची खूण. ही खूण २००४ पासून देतात. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ऐंशी टक्के वीज कामाला लागते, उरलेली उष्णता होऊन वाया जाते, असा तिचा अर्थ. नुसत्या खुणेवर भाळू नये, पण नसण्यापेक्षा असलेली बरी. आणि पाच वर्षांची हमी. तिनं दोन्ही डबे हातात धरून वजनही पाहिलं. महागडा चांगलाच जड होता.

घरी आजीचा पहिला प्रश्न : “पाचशे पन्नासचा आणलास, मग बिल नाही का वाढणार?” चांगला प्रश्न आहे, पुष्कळ मोठ्या माणसांनाही पडतो. नाही वाढत. विहीर मोठी असली म्हणून आपण घागर मोठी भरत नाही. कॉम्प्युटरला दोनशे लागले तर डबा दोनशेच देतो आणि तेवढ्यापुरतंच, थोडी वाया जाणारी धरून, बिल येतं.

राहता राहिला तो विकणारा मुलगा.

मी फोनवर काय काय बोलायचं ते मनात घोकून ठेवलं होतं. ‘विद्यार्थी म्हणवतोस’ पासून सुरुवात होती! पण कन्येनं फोन माझ्या हातातून घेतला. “दादा,” ती म्हणाली, “तुमच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलंय, ते कधी बघितलं होतं का?”

पलीकडून थोडा वेळ काहीच नाही. मग, “४५० आहे ना तो?”

त्याच्या वडिलांच्या दुकानात जुना कॉम्प्युटर होता, त्यातला तो एसएमपीएस. चालू होता म्हणून त्यानं तोच नव्या कॅबिनेटमध्ये बसवला, पैसे वाचवले. कॉम्प्युटर कधीमधी बंद पडायचा, पण त्याला वाटायचं लाइटनं. खरं असेल? अर्धं खरं असेल? मला आजही सांगता येत नाही. मी तरी कुठं तक्ता वाचला होता? त्यानं न मागता दोन हजार रुपये पाठवले. जरा वेळानं त्याचाच फोन आला. आवाज बदललेला. तो म्हणाला, “अगं, तसला कन्व्हर्टर मी दोन आणले होते. एक दुकानातल्या नव्या कॉम्प्युटरला लावलाय.” कन्या म्हणाली, “दादा, आधी तो काढा.” संध्याकाळी त्यानं फोटो पाठवला. त्याचंही प्लॅस्टिक कडेनं पिवळं पडायला लागलं होतं.

आता उरला जुना डबा. तो बंद पडलेला नव्हता, पंखा छान फिरत होता. भाच्यानं लगेच गिऱ्हाईक शोधलं. त्याच्या वर्गातला एक मुलगा आठशे देणार होता. “४५० वॅट, चालू स्थितीत. खोटं काहीच नाही त्यात!” शब्दशः खरंही होतं ते. कन्येचे अजून दोन हजार तीनशे भरून यायचे होते. तिनं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, विज्ञानाचा सर, कबूल करतो, लगेच काही बोललो नाही. आठशे म्हणजे आठशे.

“त्याला काय लावायचंय त्यावर?” तिनं भाच्याला विचारलं.

“कार्डच लावणार, दुसरं काय!”

“मग नाही.”

तिनं डबा काकांकडं नेला. काकांच्या ओळखीच्या एका झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला होता. त्यात ग्राफिक्स कार्ड नाही, गेम नाहीत. नुसत्या पाठ्या छापायच्या आणि बिलं करायची. काकांनी हिशेब केला, सगळं मिळून शंभराच्या आत. तिथं १९२ म्हणजे चैन. काकांनी मीटर लावून तासभर चालवून पाहिला आणि तिला तीनशे रुपये दिले. देण्याआधी तिनं काकांकडचा मार्कर मागून घेतला.

दिवाळीच्या आधी सहामाहीच्या प्रश्नपत्रिका काढायला मी त्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. उकाड्यामुळं कॅबिनेटचं एक दार उघडंच ठेवलेलं. आत टेबलाखाली डबा दिसत होता. छापील ४५० वर काट मारलेली आणि शेजारी आमच्या कन्येचं तिरकं अक्षर : ‘१२ व्होल्टवर फक्त १९२ वॅट. कार्ड लावू नये.’

मी वाकून बघतोय, हे पाहून दुकानातल्या बाई म्हणाल्या, “ते कुणी लिहिलंय कुणास ठाऊक, सर. पण बरं झालं. आमचा पोरगा कार्ड बसवू म्हणून मागं लागलेला. त्याला म्हटलं, आधी हे वाच.”

मी काही बोललो नाही. पाकिटातून प्रश्नपत्रिका काढून दिली.

“किती प्रती?”

“साठ. पाठपोट.”